छत्रीखालची पिलं

मी मूळचा शिंदखेड्याकडचा, ताई. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते, नि मी मामाच्या मागं सुरतला आलो, बमरोलीला, कापड विणायच्या लूमवर. बारा बारा तासांची पाळी, एका खोलीत चोवीस लूम, खडखड खडखड, काय सांगू तुम्हाला, शेजारच्या माणसाचं नुसतं तोंड हलताना दिसायचं. दहा-बारा वर्षं काढली. जरा जोरात बोला, हां, आता आलं. तर कान तिथंच गेले. जाडा आवाज यायचा, बारीक येईना, नि हे मला कळलं कुठं, तर पोल्ट्रीत.

लूमचं खातं, म्हणजे तो कारखाना, बंद पडलं, नव्वद सालानंतरची गोष्ट, तेव्हा चलथाणकडं उसाच्या शेतांत एका शेठचं कोंबड्यांचं शेड होतं, तिथं लागलो. शेडजवळच खोली, मी नि माझी बायको रखमा. एक दिवसाची पिलं यायची खोक्यांतून, कापसाच्या बोंडासारखी. कोंबडी नाही ना अंगाखाली घ्यायला, म्हणून पत्र्याचं गोल कुंपण, आत भुसा, वर पत्र्याची छत्री, छत्रीत बल्ब. ऊब जास्त झाली की पिलं चोची वासून कडेला पळतात, कमी झाली की एकमेकांवर चढतात नि खालची गुदमरतात. शेठ म्हणाला, थर्मामीटर आहे, पण काका, तुम्ही कान ठेवा, थंडी वाजली की ती ओरडतात. मी मान हलवली. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं, नुसत्या चोची उघडायच्या नि मिटायच्या. पण सांगितलं नाही, कामावरून काढतील म्हणून. रखमालाही नाही. मग काय, सारखा वाकून छत्रीखाली हात घालायचो, जेवताना उठायचो, हात घालून यायचो. ती म्हणायची, काय झालं तुमले, घास तरी गिळा.

जानेवारीतली सकाळ, उसावर धुकं. मी शेडच्या त्या टोकाला पाण्याची भांडी धूत होतो, पाठ करून. इकडं एका छत्रीचा फ्यूज गेला, नि मला पत्ता नाही. रखमा चहा घेऊन आली ती दारातूनच पळत, माझा दंड धरला. पिलं वरडी राह्यनात, तुमले आयकू येत नही का? मी बघितलं, कुंपणाच्या कडेला पिलांचा ढीग, हलणारा. दोघं गुडघ्यावर बसलो, हातानं ढीग मोडला, तिनं पदरात घेतली, मी बाजूच्या छत्रीखाली नेऊन सोडली. तळाची अकरा गेली होती. चपटी, ओली.

रखमानं मग विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, लूमपासून. ती मेलेली गोळा करत राहिली.

शेठ आला तेव्हा फ्यूजचं नाव सांगून सुटता आलं असतं. मी सांगितलं, मला बारीक ऐकू येत नाही, पहिल्या दिवसापासून नाही. त्यानं वाकून पिलं बघितली. मग रखमाला म्हणाला, बेन, तमने संभळाय छे ने? तुम्हाला येतं ना ऐकू? तर उद्यापासून तुम्हीपण कामावर.

सहा वर्षं केलं तसं. ती हाक मारायची, मी छत्री वर-खाली करायचो. पण भीती गेली नाही, रखमा माहेरी गेली की माझं जेवण सुटायचं.

आता शेड नाही, आम्ही पोराकडं पांडेसऱ्याला. रखमा म्हणते, अकरा नाही, तेरा होती. असतील. राहिलेली मोठी झाली, गाडीत भरून गेली, कापलीच गेली असणार, ते काय आपल्या हातात नव्हतं. हात घालून ऊब बघणं, तेवढं होतं. तेवढं केलं, ताई. तुमचं भलं होवो, पोराबाळांत सुखी राहा.