डाव्या खांद्यावरचा टॉवेल

…आणि वर मलाच विचारतात, मॅडम, शहाऐंशीव्या मिनिटाला तुमचं लक्ष कुठे होतं? आता काय सांगू? लक्ष नव्हतं म्हणावं तर ते खोटं, कारण तुम्हाला सांगते, त्या मिनिटाला माझं लक्ष मैदानावर होतं, घड्याळावर होतं, मोठ्या सरांच्या टोपीवर होतं, क्रीडाप्रमुख मॅडमच्या भुवयांवर होतं आणि माझ्या पाच महिन्यांच्या पोरीच्या पोटात अडकलेल्या हवेवर होतं… एका बाईनं एका वेळी याहून जास्त लक्ष कुठे दिलेलं असेल तर मला दाखवा. पण माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणा.

नाही, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखे अर्ध्यातच निकाल देऊन मोकळे व्हाल. आमच्या कॉलेजचा मुलींचा फुटबॉल संघ. मैदानात मुली अकरा, आणि त्यांना शिकवायला आम्ही पाच. म्हणजे माणशी जवळपास सव्वादोन मुली आल्या, आता ती पाव मुलगी कुणाची, यावरूनही आमच्यात वाद होऊ शकतो, इतकं आमचं छान जमतं. पहिले मोठे सर, मुख्य प्रशिक्षक. यांचं म्हणणं, फुटबॉल पायानं नाही, डोक्यानं खेळतात, आणि ते डोकं अर्थातच त्यांचं. दुसरा फिटनेसवाला, त्याला मुलींनी नावच ठेवलंय 'शिट्टी', कारण ती तोंडातून निघत नाही, बोलायचं झालं तरी दातात धरूनच बोलतो, तेव्हा तो धाव म्हणतोय की पाणी पी म्हणतोय ते त्याच्या आईलाच कळत असेल. तिसऱ्या आमच्या फिजिओ, बर्फवाल्या ताई. गुडघा दुखतोय, बर्फ. पाठ धरली, बर्फ. एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तर तिलाही बर्फाची पिशवी देऊन वीस मिनिटं बसवलं होतं, आणि खरं सांगते, तिला बरं वाटलं. चौथा व्हिडिओवाला, 'रिवाइंड'. हा माणूस आजच्या दिवसात राहतच नाही. तुम्ही त्याला सुप्रभात म्हणा, तो म्हणेल, काल याच वेळी तुम्ही तीन पावलं डावीकडे उभ्या होतात.

आणि पाचवी मी. सहायक प्रशिक्षक. सहायक म्हणजे काय, तर या चौघांच्या मध्ये बसून दिवसभर म्हणत राहायचं, की अहो, सरांना तसं म्हणायचं नव्हतं.

तर बाळंतपणाची रजा संपवून मी हजर झाले आणि क्रीडाप्रमुख मॅडमनी मला खोलीत बोलावलं. फार गोड बोलतात त्या, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाल्या, तब्येत कशी, बाळ कसं, आणि त्याच सुरात म्हणाल्या, की सहायकाची जागा ठेवायची की नाही याचा विचार चाललाय, साखळीतला शेवटचा सामना मी स्वतः बघायला येणार आहे, त्यानंतर ठरवू, नाहीतर तुमच्यासाठी साहित्याच्या खोलीत काम आहेच. साहित्याची खोली माहितेय का तुम्हाला? खिडकी नसलेली. तिथे बसून चेंडूत हवा भरायची. शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी, सात वर्षं संघात खेळलेली मी, आणि पंप. जाता जाता मॅडम म्हणाल्या, मूल मात्र बाकापाशी दिसायला नको हं. मी म्हटलं, छे छे, प्रश्नच नाही. कुणी मला हे कबूल करायला लावलं होतं का? मीच मान हलवली. माझंच चुकलं असेल.

आता टॉवेलचं सांगते, कारण सगळं रामायण त्या टॉवेलाचं. मोठे सर सामन्यात इतके ओरडतात की रेफ्रीनं त्यांना दोनदा तंबी दिली होती, तिसऱ्यांदा बाहेर. म्हणून सरांनी खुणा काढल्या. टोपी उलटी केली की सगळ्यांनी पुढे. टोपी काढली की सगळ्यांनी मागे. टोपी खाजवली तर काय, ते अजून कुणाला माहीत नाही. आणि सगळ्यात मोठी खूण माझ्याकडे: माझ्या डाव्या खांद्यावर पांढरा टॉवेल आला, की गोलकीपरनं पोटरी धरून खाली बसायचं. असं का, तर बाकीच्या कुणाला दुखलं तर तिला उपचारासाठी मैदानाबाहेर जावं लागतं, गोलकीपरला नाही, तिच्यासाठी खेळ थांबवतात. मग फिजिओ आत धावणार, आणि तेवढ्या दोन मिनिटांत उरलेल्या दहाजणी पाणी प्यायच्या निमित्तानं बाकापाशी येणार, आणि सर त्यांना नवा डाव सांगणार. सगळे संघ करतात हो, आम्ही एकटेच लबाड नाही. टॉवेल माझ्याकडे का, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, अगं, तुझे हात मोकळे असतात.

माझे. हात. मोकळे.

बरं, सामन्याचा दिवस. जिंकलो तर पुढे, बरोबरी झाली तर घरी, इतका सोपा हिशेब. नवरा कामासाठी बाहेरगावी, तेव्हा बाळाला घेऊन सासूबाई प्रेक्षकांत, थेट आमच्या बाकाच्या मागच्या रांगेत, कारण त्यांना वरून नीट दिसत नाही. सासूबाईंना आधी फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण दोन सामन्यांत त्यांना ऑफसाइड कळला, जो रिवाइंडला अजून नीट कळलेला नाही. समोर खुर्चीत क्रीडाप्रमुख मॅडम. पंचाऐंशी मिनिटं झाली, शून्य-शून्य. सर टोपी उलटी करतायत, काढतायत, मुली बिचाऱ्या पुढे-मागे, पुढे-मागे. शिट्टी दातातून काहीतरी फुंकतोय. आणि मागून माझ्या पोरीनं सूर लावला. पोट भरलेलं, पण हवा अडकलेली, हे मला त्या सुरावरूनच कळलं, आई आहे मी. मी मागे बघितलं नाही. शपथेवर सांगते, नाही बघितलं. पण तेवढ्यात आमच्या पुढच्या फळीतल्या मुलीनं, तिला आम्ही वावटळ म्हणतो, मधल्या रेषेवर चेंडू काढला आणि सुटली. समोर कुणी नाही. फक्त त्यांची गोलकीपर. सगळं मैदान उभं राहिलं, आणि सासूबाईंनी कठड्यावरून बाळ माझ्या हातात दिलं.

"धर गं हिला," म्हणाल्या, "मला टाळ्या वाजवायच्यात."

आता हातात आलेलं बाळ काय खाली ठेवू? मी सवयीनं… म्हणजे बघा, दिवसातून दहा वेळा करते मी हे, त्याला विचार लागतच नाही… बाळाच्या गळ्याशी अडकवलेलं पांढरं फडकं ओढलं, खांद्यावर टाकलं, बाळ त्यावर घेतलं आणि पाठ थोपटायला लागले. कुठल्या खांद्यावर? विचारा ना. डाव्या. उजव्या हातानं थोपटता येतं म्हणून.

तिकडे वावटळ पेनल्टी क्षेत्रात शिरली, इकडे पोरीनं ढेकर दिला, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे चेंडू नाही, माणूस नाही, वाऱ्याची झुळूकही नाही, तिथे आमची गोलकीपर किंकाळी फोडून आडवी झाली. नुसती बसायची होती. पण ही पोरगी नाटकातही काम करते, गेल्या वर्षी बक्षीस घेतलंय तिनं, तिनं सगळा जीव ओतला. रेफ्रीला वाटलं पाय मोडला. त्यानं शिट्टी मारली. त्यानंतर वावटळीचा चेंडू जाळ्यात गेला… इतका सुंदर गेला, डाव्या कोपऱ्यात, वरती. पण शिट्टीनंतर. गोल नाही.

पुढचं ऐका. बर्फवाल्या ताई बर्फ घेऊन धावल्या. आणि उरलेल्या दहाजणी, अगदी शिकवल्यासारख्या, शिस्तीत, बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. सर आमच्याकडे बघतायत, आम्ही सरांकडे. कुणीच काही ठरवलेलं नव्हतं ना. पण दहाजणी तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर गप्प कसं राहणार? सर म्हणाले पुढे जा. शिट्टी म्हणाला श्वास घ्या, असं मला वाटतं. रिवाइंड म्हणाला, पहिल्या सामन्याच्या बाविसाव्या मिनिटाला आपण जे केलं होतं ते करा. आणि वावटळ, डोळ्यांत पाणी आणून, फक्त विचारत होती, की पण माझा गोल? मी तोवर बाळ आणि फडकं दोन्ही सासूबाईंकडे दिलं होतं. उरलेल्या मिनिटांत काही झालं नाही. शून्य-शून्य. आम्ही घरी.

कपडे बदलायच्या खोलीत मी गोलकीपरला बाजूला घेतलं. तिला विचारलं, अगं, माझ्या खांद्यावर बाळ होतं, ते तुला दिसलं नाही?

"दिसलं ना ताई," ती म्हणाली. "पण मला वाटलं, डावच तसा असेल. सरांचे डाव आम्ही विचारायचं केव्हाच सोडलंय."

आणि गंमत म्हणजे बाकीच्या चौघांत कुणाला काही कळलंच नव्हतं. सगळे वावटळीकडे बघत होते. सरांना वाटलं गोलकीपरनं उगाच नाटक केलं, बर्फवाल्या ताईंना वाटलं खरंच पोटरी धरली, आणि ती गुणी मुलगी, माझं नाव येऊ नये म्हणून, तीन दिवस कॉलेजात लंगडत फिरली. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या, पण लंगडली. क्रीडाप्रमुख मॅडमही गोलाकडेच बघत होत्या. म्हणजे मी वाचले होते हो! तोंड बंद ठेवायचं, बास. एवढं एक काम तर मला जमायला हवं होतं.

चौथ्या दिवशी बैठक. क्रीडाप्रमुख मॅडमची खोली, लांब टेबल, आम्ही पाच जण. रिवाइंडनं पडद्यावर ते मिनिट लावलं. वावटळ धावते, गोलकीपर पडते. मागे. वावटळ उलटी धावते, गोलकीपर उठते. पुढे. पुन्हा पडते. सहा वेळा. बाक कुठेच दिसत नव्हता, कॅमेराच आमच्या डोक्यावर लावलेला. मी मनात म्हटलं, सुटले. आणि मोठे सर म्हणाले, अशी नाटकी मुलगी पुढच्या हंगामात संघात नको, तिचं नाव काढून टाकू. शिट्टीनं मान डोलावली. मॅडमनी पेन उचललं.

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यासमोर ती खिडकी नसलेली खोली आली. पंप आला. घरी काय सांगू, ते आलं. आणि मग ती पोरगी आली, चुकीच्या पायानं लंगडणारी.

"ती उगाच पडली नाही," मी म्हटलं. "खूण मी दिली होती. बाळ खांद्यावर घेतलं तेव्हा."

पडद्यावर गोलकीपर अर्धवट पडलेली. मग क्रीडाप्रमुख मॅडमनी विचारलं, की बाळ बाकापाशी होतं? मी म्हटलं, होतं. विचारलं, की पांढऱ्या टॉवेलाची अशी काही खूण ठरली होती? मी म्हटलं, होती. त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी टोपी खाजवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं, गोलकीपरचं नाव राहू द्या म्हणाल्या, आणि मग ते लक्ष कुठे होतं वगैरे मला विचारून झालं, दहा मिनिटं, गोड आवाजात. मी पंपासाठी मनाची तयारी करून बसले.

तर म्हणाल्या, सर पुढच्या हंगामापासून मुलांच्या संघाकडे जातायत, ते आधीच ठरलंय, बढती आहे त्यांना. त्यांच्या जागेसाठी अजून कुणाचा अर्ज आलेला नाही. निदान झालेली चूक सांगणारं एक माणूस या टेबलाशी आहे, तर नवीन कुणी मिळेपर्यंत संघ तुम्हीच बघा. पद सहायकाचंच राहील. काम मुख्य प्रशिक्षकाचं. नवीन कुणी केव्हा मिळेल, हे मी विचारलं. त्या फक्त गोड हसल्या.

बाहेर आले तर तिघंही जिन्यात उभे. शिट्टी म्हणतो, मॅडम, सोमवारपासून पहाटे डोंगर चढायला नेऊ या, निदान मला तसं ऐकू आलं. बर्फवाल्या ताई म्हणतात, सोमवारी सगळ्यांना विश्रांती. रिवाइंड म्हणतो, आधी गेल्या वर्षीचा सोमवार बघू. आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघतायत.

मी गेले होते नोकरी वाचवायला. ती वाचली हो. आता तिच्यापासून मला कोण वाचवणार, तेवढं सांगा.