सासूबाईंना नकार आला

अगं, गेल्या रविवारी आमच्या सासूबाईंना चक्क एका कुत्र्याने नकार दिला!

नेरे गावाकडच्या शेल्टरमधला कुत्रा घरी आणायचा की नाही, यावर आमच्याकडे किती दिवस वाद चालला होता. मी म्हणायचे, लेकीला सोबत होईल. सासूबाई म्हणायच्या, "घरभर केस होतील. आणि गावाला जाताना त्याला ठेवायचं कुठे?"

शेवटी शेल्टरची ताई त्याला आमचं घर दाखवायला खांदा कॉलनीत घेऊन आली. सासूबाईंनी मुलगी बघायला गेल्यासारखी चौकशी केली. खातो काय, भुंकतो किती, आधीच्या घरी का टिकला नाही? मग ऐटीत म्हणाल्या, "बरं, विचार करून कळवतो."

"नाही आजी, कळवणार आम्ही," ताई म्हणाली. "आणि खरं सांगू? हा दारातून आत यायलाच तयार नाही. त्याला घर पसंत नाही."

सासूबाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "आम्हाला? नकार? आमच्यात काय कमी आहे?"

तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मला बघायला येऊन "कळवतो" म्हणून हीच माणसं माझ्या माहेरून उठली होती, तेव्हा माझ्या आईचा असाच झाला होता.