बटण कोणी दाबलं

आई : या फोटोत दोन्ही हात मांडीवर आहेत तुझे. मग कॅमेऱ्याचं बटण कोणी दाबलं?

लेक : टायमर असतो आई. बटण दाबायचं आणि पळत येऊन बसायचं.

आई : पळत आलीस? धाप लागलेली दिसत नाही कुठे. केस जागच्या जागी. आणि माझ्या खोलीत, मी ड्यूटीवर असताना.

लेक : तुझ्या खोलीत उजेड चांगला येतो.

आई : उजेडच येतो ना फक्त?

लेक : प्रदर्शनाचा विषयच तो आहे. स्वतःच स्वतःचे फोटो काढायचे. उद्या द्यायचेत गं.

आई : खरं कळल्याशिवाय एकही फोटो घराबाहेर जाणार नाही. इतकी वर्षं गाडीत तिकिटं तपासतेय मी. फुकट्या प्रवासी डब्यात शिरतानाच ओळखू येतो. मला नको टायमर सांगूस.

लेक : हा घे कॅमेरा. मी बसते. बटण दाब आणि बाजूला हो.

(थोड्या वेळानं खटका वाजतो.)

आई : बरं, निघाला आपोआप. पण हा आत्ताचा बघ, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आणि या आधीच्यात डोळे बघ. भिंतीकडे कोणी असं बघतं का, ठमे? समोर कोणीतरी होतं. जिवाभावाचं.

लेक : होतं.

आई : तरी म्हटलं. कोण?

लेक : दारामागे खुंटीला तुझा जुना काळा कोट आहे ना, त्याच्याकडे बघत होते.

आई : मला बनवू नकोस.

लेक : बस माझ्या जागेवर. समोर काय दिसतं सांग.

आई : ...कोटच दिसतोय. पण माझ्याकडे तर कधी अशी बघत नाहीस तू.

लेक : तू घरात आलीस की आधी दारातल्या चपला बघतेस. मग सिंकमधले कप. मग माझा चेहरा. कोट काही विचारत नाही.

आई : तुझे बाबा हसतमुखानं थापा मारत राहिले, आणि मी कधी एक प्रश्न विचारला नाही. म्हणून विचारते.

लेक : माहीत आहे. पण मी बाबा नाही, आई. खूप थकते मी या प्रश्नांनी.

आई : काढ तो कोट तिथून. मी उभी राहते त्या जागी. काही विचारणार नाही.

लेक : किती वेळ?

आई : फोटो निघेपर्यंत तरी.