वरचं जड, खालचं हलकं

(डोंगरमाथ्यावर निवासी शाळा. जायला-यायला एकच सोय: एका तारेच्या दोन टोकांना बांधलेले, रुळांवरून चालणारे दोन डबे. वरचा जड झाला की तो उतरतो आणि खालचा चढतो. माथ्याच्या आणि पायथ्याच्या स्टेशनात एकेक फोन. दुपार.)

अधीक्षक: तर तू खाली सुखरूप पोचलेली आहेस.

ठमी: हो बाई.

अधीक्षक: छान. आता नीट ऐक. हे झालेलं नाही.

ठमी: कुठलं?

अधीक्षक: पोचणं. निघणंही. तू वरच आहेस. भूगोलाच्या तासाला बसली आहेस.

ठमी: मी खालच्या स्टेशनात बाकावर बसलेय. समोर सामानाचा वजनकाटा आहे.

अधीक्षक: भूगोलाच्या तासाला.

ठमी: बरं. काय शिकवतायत?

अधीक्षक: वारे.

ठमी: ते इथेही आहेत.

अधीक्षक: परवानगीशिवाय कुणी डब्यातून उतरलं तर शाळेतून नाव काढावं लागतं. मला तुझं नाव काढायचं नाही. तू गणितात बरी आहेस, आणि बाकीच्या वर्गाबद्दल मी काही बोलत नाही. म्हणून तू उतरलेली नाहीस. उपकार मानायची गरज नाही.

ठमी: मानत नव्हते.

अधीक्षक: फक्त मला एक कोडं सोडवून दे. वरच्या डब्यात पाणी भरलं की तो जड होतो. टाकी आज घासायला काढलीय, ठणठणीत कोरडी आहे. नळाची किल्ली माझ्या कमरेला आहे. डबा जड केलास कशानं?

ठमी: वाचनालयानं.

अधीक्षक: कुठल्या कपाटानं?

ठमी: साहसकथांच्या. सगळी जाड पुठ्ठ्याची आहेत.

अधीक्षक: निवासी शाळांमधल्या मुलांच्या त्या गोष्टी? अगं, ती पुस्तकं मुलांचं इथे मन रमावं म्हणून घेतली होती.

ठमी: बाई, त्यातल्या प्रत्येक पुस्तकात पोरं शाळेतून पळून जातात.

अधीक्षक: मी वाचली नाहीत. मुखपृष्ठांवर मुलं हसत होती.

ठमी: ती पळताना हसतायत. कुणाची शाळा पाणबुडीत, कुणाची मोडक्या विमानात, एकीची तर देवमाशाच्या सांगाड्यात. पळायची वाट मात्र सगळ्यांची तीच. भुयार, नाहीतर चादरींची दोरी. आपल्याकडे खणायला खडक आहे आणि चादरी धुलाईला गेल्यात. वजनाबद्दल एकाही पुस्तकात चकार शब्द नाही. म्हणून मी ती वाचायची सोडून भरली.

अधीक्षक: आणि ब्रेकवाले काका काय करत होते?

ठमी: वरण ओरपत होते. ब्रेकला नुसती साखळी असते. खालून घंटा वाजली, म्हणजे खालच्या डब्यात वर यायला काहीतरी चढलंय. मला वाटलं, पिठाची पोती. या वेळेला तीच येतात. पोत्यांच्या अंदाजानं पुस्तकं भरली, साखळी सोडली. डबा ढिम्म. आणखी भरली, तरी ढिम्म. म्हटलं, आज पीठ भलतंच सकस दिसतंय. शेवटी शब्दकोश घातले तेव्हा निघाला.

अधीक्षक: ती पोती नव्हती.

ठमी: कळलं ते. डबे मधे एकमेकांजवळून जातात ना, तिथे. पोत्याला मिशा होत्या.

अधीक्षक: तुझे वडील माझ्यासमोर बसलेत. मी त्यांना पाणी दिलंय. ते पेल्याकडे बघतायत.

ठमी: कशाला आलेत?

अधीक्षक: तुला न्यायला. पालक स्वतः आल्याशिवाय रजा मिळत नाही, असं मी तुला काल म्हटलं होतं. ते स्वतः आले.

ठमी: आणि मी स्वतः गेले.

अधीक्षक: गेलेली नाहीस.

ठमी: मग द्या की रजा. त्यांना खाली पाठवा. मी इथेच आहे.

अधीक्षक: रजेवर जाणारी मुलगी वरच्या स्टेशनात पालकांच्या हाती द्यावी लागते. हातात हात देऊन. तसा नियम आहे.

ठमी: मी वरच आहे ना? द्या माझा हात.

अधीक्षक: वर्गात तुझं बाक रिकामं आहे.

ठमी: मग मी येते वर.

अधीक्षक: ये.

ठमी: येते, पण त्यासाठी वरचा डबा जड हवा. टाकी कोरडी. पुस्तकं इथे खाली. तुमच्याकडे वर जड असं काय आहे?

अधीक्षक: तुझे वडील.

ठमी: म्हणजे मी वर आणि बाबा खाली. मधे पुन्हा काचेतून भेट.

अधीक्षक: हं. त्यांच्याऐवजी मीच बसते डब्यात. मी उतरते, तू चढ.

ठमी: मग हातात हात कोण देणार? तुम्ही खाली असाल.

अधीक्षक: हे नियम करताना असं कुणी करेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. संध्याकाळी पंप सुरू होईल. तोवर थांब.

ठमी: संध्याकाळपर्यंत नाही थांबता येणार, बाई. काल तुम्हीच मला निरोप सांगितलात. आजीला बरं नाही, काळजी करू नको.

अधीक्षक: तोच निरोप होता. मी पदरचं काही घातलं नाही.

ठमी: तेच तर. आमच्या घरी "काळजी करू नको" असं कुणी म्हणत नाही. आजीला शिंक आली तरी ती भांडी कुणाला द्यायची ते सांगायला बसते. तिच्याकडून काळजी करू नको असं आलं, म्हणजे करायला हवी. मला तिच्यासमोर जाऊन बसायचंय, एवढंच. बोलायचंय असंही नाही. ती म्हणेल, केसांचं काय शेण करून ठेवलंयस. तेवढं ऐकायचंय. बाबांना द्या फोन.

अधीक्षक: देते. हळू बोल त्यांच्याशी.

बाबा: ठमे.

ठमी: बाबा, ऐक. मी पुस्तकं उतरवते, म्हणजे इथला डबा हलका होईल. तू वरच्या डब्यात बस आणि काकांना ब्रेक सोडायला सांग. सही-बिही मागाहून. पळत गेलो तर दुपारची बस मिळेल.

बाबा: हं.

ठमी: हं काय? उठलास का?

बाबा: जेवलीस का तू?

ठमी: बाबा.

बाबा: मधे दिसलीस मला.

ठमी: मलाही दिसलास. तू हात केलास. मी पण केला.

बाबा: मी काच पुसत होतो. आपलीच आहे का ते बघायला. पुस्तकांच्या ढिगावर बसलेलीस.

ठमी: जागा नव्हती दुसरी. तू काहीतरी बोलतही होतास.

बाबा: थांब म्हणत होतो.

ठमी: ब्रेक वर होता. मी कशी थांबणार?

बाबा: तेही आहेच.

ठमी: चल आता. बस चुकेल.

बाबा: चुकू दे.

ठमी: चुकू दे काय? पुढची थेट अंधार पडल्यावर.

बाबा: घाई नाहीये, ठमे.

ठमी: म्हणजे तिला बरं वाटतंय?

बाबा: म्हणजे, आता घाई नाहीये.

ठमी: अच्छा.

बाबा: हं.

ठमी: कधी?

बाबा: सकाळी. मी दाढी करत होतो. अर्धीच झाली. बाई मघापासून झालेल्या बाजूकडे बघून बोलतायत.

ठमी: मला मधे तीच बाजू दिसली. वाटलं, नीट आवरून आलाय, म्हणजे घरी सगळं ठीक असणार.

बाबा: दुसऱ्या बाजूनं गेलो असतो तर कळलं असतं तुला.

ठमी: दुसऱ्या बाजूनं जाता येत नाही. रूळ तसेच आहेत.

बाबा: हो.

ठमी: काही म्हणाली का?

बाबा: काल रात्री विचारत होती, ठमी जेवली का. मी म्हटलं, जेवली.

ठमी: नव्हते जेवले.

बाबा: मला कुठे माहीत? तिनं मानलं ते. मग म्हणाली, स्वेटरची एक बाही राहिलीय. आणि झोपली.

ठमी: राहिली का?

बाबा: राहिली. गळाही मोठाच झालाय.

ठमी: गळा ती मुद्दाम मोठा करते. मी वाढेन म्हणून. मान कशी काय वाढणार होती कोण जाणे.

बाबा: माझाही तसाच होता. मी अजून वाट बघतोय.

ठमी: बाबा, मला रडू येत नाहीये.

बाबा: मलाही नाही. बाईंना आलं थोडं. पण ते झालेलं नाही म्हणाल्या.

ठमी: इथे वजनकाट्यावर कुणाचीतरी बादली आहे. मी मघापासून तिच्याकडेच बघतेय. बादलीसारखी बादली आहे.

बाबा: बघ. इथे माझ्यासमोर पेला आहे.

ठमी: घरी कोण आहे?

बाबा: आत्या. शेजारचे. सगळे तुझ्यासाठी थांबलेत. म्हणून तर आलो. मी विचार करत आलो होतो, तुला कसं सांगायचं. सगळी वाक्यं जुळवली होती. फोनवर सांगायचं नव्हतं.

ठमी: तू सांगितलं नाहीसच. फक्त घाई नाही म्हणालास.

बाबा: हो ना. बाईंना देतो.

अधीक्षक: बाळ.

ठमी: बाळ म्हणू नका बाई. मला कसंतरी होतंय.

अधीक्षक: बरं. ऐक, पुस्तकं उतरव. सगळी नको, शब्दकोश आणि दोन-तीन ढीग. मी तुझ्या वडलांना खाली पाठवते. काका ब्रेकपाशी उभे आहेत, हात धुऊन.

ठमी: आणि हातात हात?

अधीक्षक: तो मी दिला असं समजते.

ठमी: झालेलं नसताना?

अधीक्षक: झालेलं नसताना झालं, असंही लिहिता येतं मला. अधीक्षकाच्या खुर्चीवर बसलं की दोन्ही येतं. फक्त रजेचा अर्ज लागेल. तू सांग, मी लिहून घेते.

ठमी: आत्ता?

अधीक्षक: अर्जाशिवाय तू रजेवर नाहीस, मग उद्या मला तुझं नाव काढावंच लागेल. दोन ओळी सांग. कारण तेवढं स्पष्ट असू दे.

ठमी: लिहा. माननीय अधीक्षक यांस. विषय, घरगुती. महोदया, मी डोंगरावरून खाली आले ते झालेलं नाही, असं आपण ठरवलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. लिहिलंत?

अधीक्षक: लिहितेय. पुढे.

ठमी: तरी त्याच अधिकारात, आज सकाळी आमच्या घरी जे झालं तेही झालेलं नाही, असा आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी काढण्यात यावा, आणि त्याची एक प्रत आजीला हातोहात देण्यात यावी, ही नम्र विनंती.