उभयतांपैकी एक

आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर साहेब. प्रमुख पाहुण्या, पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम. मंडळाचे सर्व पदाधिकारी. पहिल्या रांगेत बसलेले माझे बाबा आणि आत्या. वसाहतीतील वडीलधारी मंडळी. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे मित्र. आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी पत्नी. सर्वांना नमस्कार.

शुक्रवार, दोन ऑगस्ट, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे परवाची गोष्ट. मी शिडीवर होतो. डोळ्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'नेत्रचिकित्सालय' लिहायचं काम चालू होतं आणि 'चि'ची वेलांटी अर्धी झाली होती. शिडी उसनी होती, कारण माझी मी आधीच विकली होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ओली वेलांटी अर्धवट सोडता येत नाही, म्हणून पहिला फोन मी घेतला नाही. दुसरा घेतला.

सत्कारमूर्तींचा होता. इथे मी त्यांना 'त्या' म्हणायचं ठरवलं आहे, पण घरी 'अगं'ची सवय आहे. मध्येच 'ती' झाली तर समजून घ्या.

ती म्हणाली, "माझा आला."

मी म्हटलं, "वा. आणि माझा?"

"तुझा नाही आला."

"उशीर होणार आहे का?"

"उशीर नाही रे. नाही म्हणजे नाही. नाकारला."

मंडळी, व्हिसाबद्दल बोलतोय मी. तुम्ही आज दोघांना निरोप द्यायला जमला आहात. मागच्या फलकावर 'उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या उभयतांना हार्दिक शुभेच्छा' असं आहे. तो फलक मीच रंगवला, गेल्या रविवारी. 'उभयतां'वरचा अनुस्वारसुद्धा दोनदा तपासला. अनुस्वार बरोबर आहे. शब्द मात्र आता बरोबर राहिलेला नाही. टेबलावर दोन पुष्पगुच्छ ठेवलेत, त्यातला एकच द्यायचा आहे.

कुजबुज करू नका, सांगतो. सगळं सांगतो. अध्यक्ष साहेब, मला पाच मिनिटं दिली होती, त्याहून थोडी जास्त लागतील. ... साहेबांनी मान हलवली आहे, आभारी आहे.

आता तुम्ही विचाराल, तिला दिला आणि याला का नाही दिला? यात कोणाचा दुष्टावा नाही. चूक माझी आहे आणि ती मी फार काळजीपूर्वक केली आहे.

बायकोबरोबर जाणाऱ्या नवऱ्याला अर्ज वेगळा करावा लागतो. आपल्याबद्दल सगळी माहिती द्यायची, कागद जोडायचे. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. मला वाटलं, साहेब लोकांनी म्हणायला नको की हा अर्धवट शिकलेला, याचं सगळं अर्धवट. म्हणून मी सगळं पूर्ण करून जोडलं. दुकानाचा गाळा शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिला, तो करार जोडला. रंग फवारायचा कॉम्प्रेसर विकला, त्याची पावती. शिडी विकली, तिचीही पावती घेतली. शिडीची पावती मागणारा मी पहिलाच, असं घेणारा म्हणाला. कोणाचं काही देणं नाही, असं घरमालकाकडून लिहून आणलं. हाताखालच्या पोराला दुसरीकडे कामाला लावलं, तेही लिहिलं. मला वाटलं, वाचणारा म्हणेल, किती व्यवस्थित माणूस आहे.

वाचणाऱ्याने नकाराच्या पत्रात एकच ओळ लिहिली. अर्जदाराला मायदेशी परत येण्याचं कोणतंही सबळ कारण दिसत नाही.

हसा. मॅडम, तुम्हीही हसलात तरी चालेल. शुक्रवारी संध्याकाळी मीही हसलो. त्या माणसाचं काय चुकलं? मी स्वतःच त्याला कागद लावून दाखवलं होतं की इथे माझं काहीही शिल्लक नाही.

तर, तिचा व्हिसा आहे आणि माझा नाही. विमान आज रात्रीचं आहे, म्हणजे उद्या पहाटेचं. आणि आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला मनाई आहे. त्या माझ्याकडे बघताहेत, ते तुम्हाला दिसतच असेल.

आज सकाळी साडी नेसता नेसता ती मला म्हणाली, "तू फक्त आभार मान आणि खाली बस. मी जात नाही हे मी सांगते."

मी विचारलं, "का जात नाहीस?"

"बाबांना शब्द दिलाय."

"शब्द दोघांनी दिला होता."

"म्हणूनच. पुढच्या वर्षी दोघांचा परत अर्ज करू. वर्षभराने काय बिघडतं?"

काय बिघडतं, ते मॅडमना माहीत आहे. तिकडच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताखाली एक जागा दिली आहे. शिकता शिकता प्रयोगशाळेत काम करायचं, त्यात फी सुटते आणि राहण्याचं भागतं. ती जागा याच सत्रात रुजू होणाऱ्यासाठी आहे. हिने शुक्रवारीच विचारून पाहिलं होतं, शनिवारी उत्तर आलं. फार सभ्य भाषेत आहे. जागा राखून ठेवता येणार नाही, क्षमस्व. त्या जागेशिवाय तिकडे शिकणं आम्हाला दहा वर्षांतही जमणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज करायला आम्ही दोघं असू, पण जायला काही नसेल.

आणि शब्द कोणता, तेही सांगायला हवं. बाबांनी परवानगी देताना अट घातली होती. सून एकटी जाणार नाही. दोघं जा, नाहीतर कोणीच जाऊ नका. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, दोन गावांत विभागलेला संसार फार दिवस टिकत नाही. आत्याचं म्हणणं जरा सविस्तर होतं. आत्या म्हणाली होती, "अरे, बायको मोठी शास्त्रज्ञ होणार आणि तू पाट्या रंगवणार. तिकडे गेल्यावर तुझी पाटी पुसायला कितीसा वेळ लागतो?" आत्या, रागावू नकोस. तू तोंडावर बोललीस. बाकीचे माझ्या पाठीमागे बोलले.

बाबा उभे राहिले आहेत. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. बाबा म्हणताहेत, "खाली उतर. घरी बोलू."

बाबा, घरी बोलायला लागलो की तुम्ही आवाज चढवता, मी गप्प बसतो आणि ती चहा टाकायला आत जाते. तिघांची कामं ठरलेली आहेत. शुक्रवारपासून मी दोनदा विषय काढला. चहा दोन्ही वेळा चांगला झाला होता. म्हणून इथे बोलतोय. इथे चहा नंतर आहे.

तुम्ही बसा, बाबा. मी आवाज चढवणार नाही.

मंडळी, ही कशी अभ्यास करायची ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण आमची खिडकी मागच्या गल्लीत उघडते. मॅडमच्या प्रयोगशाळेतून सहाला सुटायची. बाटल्या धुऊन धुऊन बोटांची टोकं पांढरी पडलेली असायची. इंग्रजी बोलण्याची एक परीक्षा असते. समोर परीक्षक बसतो, प्रश्न विचारतो आणि दोन मिनिटं न अडखळता बोलायचं असतं. आमच्या घरी परीक्षक मी होतो. समोरच्या खुर्चीत बसायचो, पुस्तकातला प्रश्न अक्षर लावून वाचायचो, घड्याळ बघायचो आणि दोन मिनिटं झाली की हात वर करायचो. ती काय बोलली त्यातलं मला फारसं कळायचं नाही, पण कुठे अडखळली ते बरोबर कळायचं. भाषा कुठलीही असो, अडखळणं सारखंच असतं.

एकदा प्रश्न होता, तुम्हाला एकटं राहायला आवडेल का? ती न थांबता बोलत राहिली. मी हात वर केला तरी थांबली नाही. मी विचारलं, "एवढं काय सांगितलंस?" तर म्हणाली, "काही नाही रे, मार्कांसाठी बोलायचं असतं." त्या परीक्षेत तिला चांगले मार्क मिळाले. ती काय बोलली होती ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही, हे खरं.

मला भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. शुक्रवारपासून मला झोप नाही. तिच्या शिक्षणाची दोन वर्षं म्हणजे काय, याचा विचार करतो. तिकडे ती सकाळी उठेल तेव्हा माझ्या हातातला ब्रश धुऊन झालेला असेल. ती कोणत्या माणसांत बसेल, त्यांच्या कोणत्या गोष्टींवर हसेल, मला कळणार नाही. परत येईल तेव्हा तिला ते सगळं मला समजावून सांगावं लागेल आणि समजावून सांगायचा कंटाळा येतो माणसाला. आत्याने बोलून दाखवलं, पण आत्याच्या आधी ते माझ्या मनात येऊन गेलं होतं.

पण एक विचार त्याहून वाईट आहे. ती थांबली, माझ्यासाठी थांबली, आणि उद्यापासून रोज सहा वाजता बाटल्या धुऊन घरी आली. मला काही बोलणार नाही, तिचा स्वभाव नाही तो. मग मी त्या घरात कुठे बघत बसू?

बाबा म्हणताहेत, "माझी अट होती."

होती. मी नाही कुठे म्हणतोय? अट तुमची होती, चूक माझी होती. या दोन्हींत तिचं काय आहे, एवढं मला कोणीतरी सांगा.

अध्यक्ष साहेब, पाण्याचा पेला इकडे नको. बाबांकडे पाठवा.

थोडं थांबू या. कोणाला घाई नसेल तर थांबू या.

मंडळी, बाबांनी विचारलं आहे, "विमान किती वाजता?"

साडेचारला, बाबा. पहाटे.

"मग गाडी किती वाजता सांगितलीस?"

दीडला.

"बाराला सांग. पुलाचं काम चालू आहे, एकच बाजू सोडताहेत."

बाराला सांगतो. ... टाळ्या नका वाजवू, कृपा करून. अजून व्हायचं आहे. परवानगी बाबांची होती, जाणं तिचं आहे. सकाळपासून तिचं उत्तर 'नाही' आहे आणि ते बदललंय असं ती अजून म्हणालेली नाही. इतक्या लोकांसमोर मी तिला कोंडीत पकडलं, असंही कोणाला वाटेल. म्हणून विचारतो, ध्वनिक्षेपकावरूनच विचारतो, म्हणजे नंतर मी ऐकलं नाही असं म्हणायला नको. अगं, तुझं काय?

त्या काहीतरी म्हणाल्या. मॅडमना ऐकू आलं, मला नाही. पुन्हा सांग.

त्या म्हणताहेत, "माझी अर्धी पुस्तकं तुझ्या बॅगेत भरली आहेत. एकटीच्या वजनात कशी बसवायची? हे आटप आणि घरी चल, सगळं परत काढावं लागेल."

आटपतो.

आता आभार. मंडळाने वर्गणी काढली, हे सभागृह दिलं, मॅडमनी रजा आणि शिफारस दोन्ही दिल्या, पोस्टमास्तर साहेबांनी आमचे कागद पाचशे वेळा वाचले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. झेरॉक्सवाल्या मित्राने आत्ताच मागून बोटांनी खूण केली आहे की गाळ्याची पुढची बाजू तो मला परत देईल. हे त्याने लिहून द्यावं. माझ्या पुढच्या अर्जाला आता कागद उलटा लागणार आहे. इथे माझं काहीतरी शिल्लक आहे, हे दाखवायला.

हिशेबही इथेच देतो, कारण वर्गणी तुमची आहे. दोन तिकिटांसाठी मंडळाने एक लाख वीस हजार दिले. तिच्या तिकिटाचे साठ हजार लागले. माझं तिकीट आज संध्याकाळपर्यंत रद्द केलं तर एजंट चव्वेचाळीस हजार परत करेल, ते उद्या खजिनदारांकडे जमा होतील.

मांडणीत काही खालीवर झालं असेल, वडिलांशी बोलताना कुठे मर्यादा सुटली असेल, किंवा पत्नीचा उल्लेख एकेरीत झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सोळा हजार मी मंडळाचं देणं लागतो. नमस्कार.