बाबाच्या गाडीचा क्लच

(मुलचेऱ्यातलं एक गॅरेज. दुपार. शेडमध्ये जॅकवर उचललेली जुनी पांढरी अँबेसेडर. मेकॅनिक लटारू गाडीखाली उताणा. त्याची धाकटी बहीण इंदू ड्रायव्हरच्या सीटवर. शेडला लागूनच घर; तिथं त्याची बंगाली बायको शेफाली.)

लटारू : दाबला काय?

इंदू : दाबला. पार खाली गेला. वरच येत नाई.

लटारू : बोटानं उचल त्याले. आता पुन्हा दाब.

इंदू : काईच लागत नाई पायाले. पोकळ आहे.

लटारू : लाइनमधी हवा भरली आहे. क्लचचा नवीन सिलिंडर बसवला तं हवा काढाच लागते. अन ते एकट्याच्यानं होत नाई. एकानं वर पंप माराचा, एकानं खाली निपल खोलाचा. म्हून बसवलं तुले.

इंदू : नाईतर बसवलं नसतं.

लटारू : नसतं बसवलं. पंप मार. तीनदा. मंग धरून ठेव, मी म्हनेपर्यंत सोडू नको.

इंदू : एक... दोन... तीन. धरला.

लटारू : हं... सोड. नुसते बुडबुडे येऊन राह्यले. कुठी बंद पडली होती?

इंदू : जंगलात. गिअरच पडेना. तास-दीड तास बसून होती मी तिथं. मग एक ट्रॅक्टरवाला भेटला, त्यानं ओढत आणली.

लटारू : जुना सिलिंडर पाह्यला तू? आतून गंजून खड्डे पडले त्याले. रबर कितीही बदलवले असते, तेल थांबलंच नसतं. गाडी उभीच ठेवली होती काय?

इंदू : बाबा गेले पौषात. तेव्हापासून उभी. त्याच्या आधी मी चालवत होती, दवाखान्यापुरती.

लटारू : तुले कवा चालवता आली?

इंदू : बाबांना लकवा झाला तेव्हा. गडचिरोलीले कोण नेणार होतं त्यांना? शिकली मग.

लटारू : पंप मार.

इंदू : धरला.

लटारू : सोड. चामोर्शीत कोनी मेकॅनिक नोता काय, इतक्या दूर माह्याकडे आनाले?

इंदू : मी दुरुस्तीसाठी नव्हती निघाली दादा. तुह्याकडंच येत होती. गाडी वाटेत पडली.

शेफाली : ताई, चहा घ्या. साखर कमी टाकला, तुमचा माहीत नाही ना मला.

इंदू : ठेव वहिनी तिथं. पाय सोडता येत नाई मले.

शेफाली : एकोणीस वर्षात आज वहिनी म्हटला तुम्ही. बरा वाटला.

लटारू : शेफाली, वरच्या डब्बीत ब्रेक ऑइल टाक जरासं. रिकामी झाली तं पुन्हा हवा घेईन ते.

शेफाली : टाकते. ताई, हा नवीन सिलिंडर कुठून आला, विचारला नाही तुम्ही?

लटारू : शेफाली.

शेफाली : सांगू दे ना. नागपूरहून आणला यानं. नऊ वर्ष झाला. बाबाची गाडी एक दिवस येईल म्हणे, तिचा सामान आता कुठे भेटत नाही म्हणे. खोका कपाटात ठेवला, माझ्या साड्याच्या खाली. एक अँबेसेडरवाला आला होता भामरागडचा. हात जोडला. दिला नाही यानं.

लटारू : नऊ वर्षांत त्याचे रबर सुकले. तेही नवीन टाकाव लागले म्या. ठेवून काई कामाचं नोतं.

शेफाली : काम आला ना आज? ताई, जेवून जा. भात टाकते. माझ्या हाताचा पाणी पण बाबांनी कधी घेतला नाही, तुम्ही तरी जेवा.

इंदू : जेवीन.

लटारू : पंप मार. तीनदा.

इंदू : धरला. दादा, गाडी बाबांनी तुह्या नावानं ठेवली. सोडू काय?

लटारू : सोड. काय म्हनलं?

इंदू : वहीत लिहून ठेवलं त्यांनी. उजवा हात गेला होता, डाव्यानं लिहिलं. पहिलीतल्या पोरासारखं अक्षर. "गाडी लटारूस द्यावी." तेच सांगायले आली. गाडीच्या कागदावर वारस म्हणून मी सही करून आणली आहे.

लटारू : गाडी लटारूस द्यावी. अन लटारूले दारात उभं करू नये. एकाच मानसानं म्हनलं हे दोन्ही?

इंदू : दादा...

लटारू : मी आलो होतो इंदू. दवाखान्यात भरती केलं हे मले दुसऱ्याच्या तोंडून समजलं, तरी आलो. वॉर्डाच्या पायरीवर तू उभी होती. काय म्हनली मले, आठवते?

इंदू : आठवते.

लटारू : "बाबा म्हणतात, त्याले आत घेऊ नको. मले त्याचं तोंड पाहायचं नाई." मी दोन दिवस समोरच्या टपरीवर बसलो होतो. वाटलं, बोलावतीन. लोकं डबे घेऊन जाऊन राह्यले आत, आपापल्या मानसाले. माह्याजवळही डबा होता. शेफालीनं वरन-भात दिला होता. बाबा मासा खात नाई म्हून साधं केलं तिनं. दुसऱ्या दिवशी आंबला, तो मीच खाल्ला. पंप मार.

इंदू : धरला.

लटारू : धरूनच ठेव. निपल अटकला.

इंदू : बाबा तसं बोलले नव्हते.

लटारू : काय?

इंदू : तोंड पाहायचं नाई, आत घेऊ नको, हे काईच बोलले नव्हते बाबा. ते मी म्हटलं. माह्या मनानं.

लटारू : पाय धर.

इंदू : धरला आहे. तू आला त्याच्या तीन दिवस आधीपासून ते एकच म्हणत होते. जीभ वळत नव्हती. "लता... लता..." एवढंच निघे. नर्स मले विचारे, लता कोण, तुम्ही काय? मी म्हटलं, हो, मीच.

लटारू : अन बाबाले काय सांगितलं?

इंदू : फोन केला म्हटलं. येत नाई म्हणतो म्हटलं.

लटारू : मी खाली उभा होतो.

इंदू : हो. खिडकीतून टपरी दिसत होती.

लटारू : काऊन, इंदू?

इंदू : सहा वर्षं काढली मी त्यांची. रोजची कूस बदलवायची, धुवायचं, पुसायचं, भरवायचं. शाळेत शिकवता शिकवता मधल्या सुट्टीत पळत घरी यायचं, त्यांना कोरडं करायचं, पुन्हा पळत शाळेत. तू शेफालीशी लग्न केलं, तेव्हा माह्या दोन सोयरिकी मोडल्या. तिसरी आलीच नाई. मी बोलली काय तुले कधी?

लटारू : नाई बोलली.

इंदू : सहा वर्षांत त्यांनी मले नावानं हाक मारली नाई. "ए" म्हणत. भांडं वाजवत. तुह्या आधीची दोन पोरं गेली म्हणून तुह्यं नाव लटारू ठेवलं. नजर लागू नये, जगला पाहिजे म्हणून. माह्यं कोणी काय ठेवलं? आणि शेवटी अर्धी जीभ राहिली, तर त्या अर्ध्या जिभेवरही तूच. मले वाटलं, नाई. एवढं नाई देणार मी यांना.

लटारू : बाबावरचा राग बाबावर काढाचा होता.

इंदू : त्यांच्यावरच काढला. तू मधात आला.

लटारू : सोड.

इंदू : काय?

लटारू : पाय. सोड पाय.

इंदू : सोडला. दादा, मी माफी नाई मागत. मागून उपयोग नाई, तेवढं समजते मले. पण एकटीच्यानं हे धरून ठेवणं होत नव्हतं. घरात बसली की खिडकी दिसते ती.

लटारू : म्या मुंडन नाई केलं. बाबा गेल्याची खबर आली, शेफाली म्हने कर. तिले तं बाबानं उंबरठा ओलांडू दिला नोता, तरी ती म्हने कर, बाप आहे. मी म्हनलो, ज्यानं मरताना तोंड पाहू दिलं नाई त्याच्यासाठी केस कायले देऊ? दहाव्यालेही घाटावर नाई गेलो. इथीच होतो. एका जीपचा गिअरबॉक्स खोलून बसलो होतो.

इंदू : माहीत आहे. गावात सगळे बोलत होते.

लटारू : चार महिने मी त्याले शिव्या देऊन राह्यलो इंदू. रोज. पाना हातातून निसटला तरी त्याचंच नाव. मेलेल्या मानसाले. अन तो माह्यं नाव घेता घेता गेला.

इंदू : हो.

लटारू : शेवटी काय झालं? मी येत नाई म्हनतो, हे ऐकून काय म्हनले?

इंदू : काई नाई. भिंतीकडे तोंड केलं. मग वही मागितली.

लटारू : पंप मार. जोरात.

इंदू : एक... दोन... तीन. दादा, लागला पायाले. घट्ट झाला.

लटारू : हवा गेली. बसून राहा तिथीच, उतरू नको. मी जॅक काढतो... हं. आता गाडी सुरू कर. पहिला टाक. पडला?

इंदू : पडला. सहज पडला.

लटारू : न्यूट्रल कर. बंद कर. शेफाली! भात झाला काय?

शेफाली : झाला. दोनच ताट वाढला.

लटारू : ऐकलं काय तू?

शेफाली : भिंत पत्र्याचा आहे. सगळा ऐकला. बाबांनी मला पाणी मागितला नाही, ते मी सोडला कधीच. ते बाबा होते, जुना माणूस. पण ताई, तो डबा मी पहाटे उठून केला होता.

इंदू : वहिनी...

शेफाली : चहा थंड झाला तुमचा. ओतून टाकते.

इंदू : दादा, किल्ली इथं ठेवते. मी एसटीनं जाईन.

लटारू : किल्ली उचल.

इंदू : गाडी तुही आहे. बाबांनी लिहिलं आहे.

लटारू : बाबानं ज्याले देली तो त्या पायरीवरून वापस गेला. मी नाई ठेवत. इथी उभी राह्यली तं रोज पाहाव लागन. रोज तू दिसशीन तिच्यात.

इंदू : मी काय करू मग तिचं?

लटारू : वीक. नाईतं कोंबड्या बसव तिच्यात. माह्या नावानं काय कराचं, ते आजपर्यंत तूच ठरवत आली.

इंदू : मी पुन्हा आली तर?

लटारू : क्लचवर पाय ठेवून नको चालवू. गिअर बदलवतानाच दाब, मंग काढून घे.

इंदू : मी विचारलं काईतरी.

लटारू : ऐकलं म्या.

इंदू : जाऊ?

लटारू : लगाम गावाकडून नको जाऊ. सूरजागडच्या खाणीचे ट्रक असते त्या रोडनं, बाजू देत नाई. घोटवरून जा. उजेड आहे तोवर पोचशीन.