केसभर

कॉम्प्युटरच्या दुकानात बिघडलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन एक बाई ताटकळत बसल्या होत्या. काउंटरवर छापखानेवाले नवरा-बायको दुकानदाराशी बोलत होते.

"डिझाइनसाठी भारीतला कॉम्प्युटर दाखवा. हिचा जुना कार्डं तिरकी काढतो. चष्म्याच्या दुकानवाल्या गिऱ्हाइकाने सगळी परत केली."

"काका, तिरकं छापतो तो प्रिंटर. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! ट्रेमधला कागद तपासलात?"

"रोज तपासतो. छापलेलं उजवीकडे कलतं, म्हणून कागदच केसभर वळवून ठेवतो."

"अहो! कधीपासून?"

"दोन महिने झाले. म्हटलं, तुझ्या डिझाइनला कोणी नावं ठेवायला नको."

"आणि मी रोज कॉम्प्युटरवर अख्खं कार्ड डावीकडे फिरवते! तुमच्या प्रिंटरची अब्रू जाऊ नये म्हणून."

"काकू, दोघांनी सरळ केलं, म्हणूनच ते आता डावीकडे कलतं! एकानेच करा."

"मग मी थांबते."

"छे, मी थांबतो."

"दोघं थांबू नका हो, पुन्हा उजवीकडे जाईल!"

"बरं. हिने फिरवावं. मी ट्रेला बोट लावणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

नवरा गाडी काढायला गेला. बायको काउंटरवर वाकून दुकानदाराशी काहीतरी कुजबुजली आणि पर्स बंद करत बाहेर पडली. लगेच नवरा परत आला.

"चष्मा विसरलो सांगून आलोय. चिकटपट्टी आहे? ट्रेच बंद करून टाकतो. माझा हात काही राहायचा नाही."

"काकू घेऊन गेल्या. तुमच्या हाताबद्दल त्याही हेच म्हणाल्या."